तेराव्या महिन्याचं बाळ

"चालत नाही हा मेला!"

माणसांचे किती आवाज ऐकले, पण हाच अजून कानात सलतो. मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे, गोजामच्या डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रातला. माझ्या पोटात बाळांच्या लसींच्या नोंदी आहेत. जन्मतारीख भरा, कोणत्या बाळाला कधी बोलवायचं त्याची यादी मी काढून देतो. आधी माझं कौतुक काय सांगू! नर्स अस्नाकेच मला आपल्या पांढऱ्या नेतलाच्या, म्हणजे सुती ओढणीच्या, पदराने पुसायची.

पण माझं ॲप बनवणाऱ्यांनी परदेशी साचा उचलला आणि वर्षाचे बाराच महिने धरले. आमच्या देशाच्या कॅलेंडरात वर्षाला महिने तेरा! शेवटचा पागुमे, पाच दिवसांचा, एवढासा. त्या पागुमेच्या तीन तारखेला लांबच्या वाडीतल्या यितायिशला मुलगा झाला. अस्नाकेचने तारीख भरली. मी लाल अक्षरांत नकार दिला. तिने मला दोन थपडा मारल्या आणि शेवटी मुकाट्याने नववर्षाचा पहिला दिवस, मेस्केरेम एक, भरून टाकला. वर्षाचा आकडा मात्र जुनाच राहिला. झालं! नुकतंच जन्मलेलं बाळ माझ्या लेखी वर्षाचं झालं आणि तान्ह्यांच्या यादीतून गळालं.

ॲप सांभाळणारा दाग्मावी राजधानीत. त्याला तिने कळवलं काय? "चालत नाही." त्याने उत्तर दिलं काय? "माझ्याकडे चालतं." तक्रार बंद! सांगा, संताप येणार नाही? हिने काय भरलं ते लिहिलं नाही, त्याने विचारलं नाही, आणि दहा महिने शिव्या खाल्ल्या मी!

मग पलीकडच्या वाडीत गोवर आला. बाळाला पाठीशी बांधून यितायिश दोन तास चालत आली.

"सगळ्यांच्या पोरांना बोलावणं गेलं, सिस्टर. माझ्याला काय दाढी फुटल्यावर बोलावणार होतात?"

अस्नाकेचने यादी वरखाली केली. नाव नाही. बाळाला तिने लगेच लस टोचली. दाग्मावीला फोन लावला.

"अरे, तुझा डबा चालत नाही!"

"ताई, पेशंट नुसतं 'दुखतंय' म्हणाला की तुम्ही लगेच सुई टोचता का? कुठं, कधीपासून, आधी काय खाल्लं, विचारता ना? मग मला पण तसंच सांगा की!"

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जीभ नसते. काय केलंत, काय व्हायला हवं होतं, झालं काय, जसंच्या तसं सांगा. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवा. पळवाट काढली असेल तर तीही लपवू नका.

अस्नाकेचने मला जवळ ओढलं. बाळ रडत होतं.

"लिहून घे," ती म्हणाली. "पागुमे तीन भरलं. 'अशी तारीख नाही' असं लाल अक्षरांत आलं. मग मेस्केरेम एक टाकलं, वर्ष बदलायचं राहिलं. ते मी केलं रे, यंत्राने नाही. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. अशी अजून तीन बाळं आहेत, गोवराच्या वाडीतलीच. नावं सांगते."