ताईंची किडनी

चष्मेवाल्यांनी भांडायचं सोडलं, तेव्हा त्यांची बायको घाबरली.

एरवी हा गृहस्थ म्हणजे नाकावर राग घेऊनच दुकान उघडणारा. गिऱ्हाइकानं 'जरा महाग वाटतोय' म्हटलं, की चष्म्याच्या बिजागरीवर अर्धा तास व्याख्यान. बायकोनं पंखा दोनवर ठेवला की यांना गार लागायचं, एकवर ठेवला की उकडायचं. आणि आता? "पंखा बंद करू?" "कर." "की राहू दे?" "राहू दे." काच घासायच्या यंत्रापुढे बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटायचे. ओठ पांढरे, नखं पांढरी, आणि संध्याकाळ झाली की अंगात बारीक ताप. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "वहिनी, साहेब हल्ली फारच गोड झालेत." सगळा बाजार तिला वहिनीच म्हणायचा. वहिनी हसली, पण तेवढ्यापुरतीच. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं पक्कं कळलं होतं, की हा माणूस गोड झाला म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय.

आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस चालायचं. वहिनीला वाटलं, रक्त कमी झालंय, म्हणजे लोह कमी पडलं असणार. तिनं हॉस्पिटलात डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, कधी घाईत नसलेल्या.

"तुम्ही यांना लोहाचं इंजेक्शन द्यायचात, ते बंद का केलं?"

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढं केला. "कारण साठ्यात लोह भरपूर आहे. हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त."

"मग हे असे पांढरेफटक का?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं सगळंच उलटं. आड काठोकाठ भरलेला आणि पोहऱ्यात थेंब नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शरीरात कुठंतरी सूज धुमसत असली, की शरीराला वाटतं घरात चोर शिरलाय. मग ते आपलं लोह कोठीत टाकतं आणि वर कुलूप घालतं. रक्त बनवायला लोह हवं असतं, पण कुलूप काही उघडत नाही. "अशात आणखी लोह ओतायचं म्हणजे दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला," डॉक्टर म्हणाल्या. "आधी चोर शोधू."

शोधाशोध झाली. दात पाहिले, पायाची बोटं पाहिली, छातीचा फोटो काढला. शेवटी पोटाचा स्कॅन केला, तेव्हा चोर सापडला. उजव्या बाजूला, ओटीपोटात, हात ठेवला तरी दुखेल अशा जागी.

चोर म्हणजे ताईंची किडनी.

ताई ही चष्मेवाल्यांची थोरली बहीण. शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त होऊनही त्यांचं बोलणं शिट्टी फुंकल्यासारखंच राहिलं होतं. धाकट्या भावाला त्या लहानपणापासून 'ठोंब्या' म्हणत, आणि ठोंब्याच्या मिशा पिकल्या तरी त्यात काही सुधारणा झाली नव्हती. या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा आधी वहिनी पुढं झाली. पण तिचं रक्त जुळलं नाही. ताईंचं जुळलं. कुणी विचारायच्या आतच त्यांनी जाहीर करून टाकलं, "माझ्याकडे दोन आहेत. एक त्याला. विषय संपला."

नऊ वर्षं ती किडनी बिनबोभाट चालली. ताई तिला आपली लेक म्हणायच्या. फोन केला की पहिला प्रश्न, "काय रे ठोंब्या, माझी लेक सासरी नीट नांदतेय ना? वेळेवर पाणी देतोस ना तिला?" सगळे हसायचे. वहिनीही हसायची. पण खरं सांगायचं तर तिला ते टोचायचंही. नवरा तिचा, आणि त्याचा जीव राखला नणंदेनं. आपणही द्यायला उभे होतो, हे आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. मग त्या विचाराची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटली की ती ताईंशी आणखीनच मोजकं बोलायची.

पुढं ती किडनीही थकली आणि डायलिसिस सुरू झालं. ते काही लपण्यासारखं नव्हतं. पण चष्मेवाल्यांनी बहिणीला सांगितलं, "अगं, अगदीच बंद नाही पडली. थोडंफार काम करते अजून." साफ खोटं. किडनी केव्हाच ठप्प झाली होती. ताई मात्र खूश. "चिवट आहे! शेवटी आहे कुणाची!"

आणि आता डॉक्टर सांगत होत्या, की ती किडनी काढायला हवी. शरीर तिला परकी समजून रोज तिच्याशी झुंजत होतं. ताप, सूज, कोंडलेलं लोह, सगळं त्या झुंजीपायी.

"नाही," चष्मेवाले म्हणाले. गोड झालेल्या माणसाचा हा एकच नकार, पण काही केल्या हलेना.

घरी आल्यावर वहिनीनं पुन्हा विषय काढला. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"ताईला काय सांगू?" ते म्हणाले. "तू पोट फाडून दिलेलं कापून फेकून दिलं, असं सांगू?"

"अहो, त्यांना कळलं तर त्या स्वतःच म्हणतील."

"तिला कळता कामा नये. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

वहिनीनं दिवा मालवला. शपथ घालून माणूस निवांत झोपी गेला, आणि जिच्यावर घातली ती टक्क जागी.

पुढच्या खेपेला ते मशीनवर असताना डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेतलं. बाहेर बाकावर इतर पेशंटच्या बायका बसल्या होत्या, म्हणून दोघी जिन्याशी उभ्या राहिल्या. "तुमच्यापासून काही लपवत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सूज इतकी, खाणं असं उतरलेलं, आणि लोह साठ्यात अडकून पडलेलं. हे तिन्ही एकत्र असलेले पेशंट फार टिकत नाहीत. वर्ष काढतील की नाही, मला खात्री नाही. ऑपरेशनलाही धोका आहेच. पण ते केलं तर निदान आशा आहे."

वहिनी 'बरं' म्हणाली. बाकावर जाऊन बसली. शेजारच्या बाईनं बिस्किटाचा पुडा पुढं केला, तिनं एक घेतलं आणि हातातच धरून ठेवलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. शपथ पाळावी तर नवरा जातो. मोडावी तर नवरा बोलायचा नाही, आणि ताईंचं काय होईल ते वेगळंच. मग तिनं ठरवलं, न बोलणारा नवरा परवडला.

दुसऱ्या दिवशी दुकान घड्याळवाल्याच्या भरवशावर सोडून ती ताईंकडे गेली. ताई गॅलरीत स्टुलावर बसून कॅनव्हासचे बूट पांढरे करत होत्या. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, तरी दर आठवड्याला बूट पांढरे करायची सवय काही सुटली नव्हती.

"ये भावजयबाई! आज इकडे कुठं वाट चुकलीस?"

वहिनीनं येताना वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. ती उभ्या उभ्याच सगळं बोलून गेली. किडनी कधीच बंद पडलीय, ते थोडंफार काम वगैरे खोटं होतं, त्या किडनीपायीच सूज आहे, काढली नाही तर हे जातील, आणि हे काढू देत नाहीत.

ताई ओरडतील याची तिनं तयारी ठेवली होती. ताई ओरडल्या नाहीत. हातातल्या बुटावर ब्रश फिरवत राहिल्या. बूट केव्हाच पांढरा झाला होता.

"म्हणजे तो माझ्यामुळं आजारी आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

सगळ्या बाजूंनी विचार केला होता तिनं, पण हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती खाली फरशीवर ताईंच्या पायाशी बसली. "नाही हो ताई. तुमच्यामुळंच तर ते इतकी वर्षं होते."

ताईंनी बूट खाली ठेवला. बोटांना लागलेला पांढरा रंग फडक्यानं पुसला, पुसला गेल्यावरही पुसत राहिल्या. मग एकदम त्यांचा जुना आवाज परत आला.

"तू आलीस ते त्याला माहीत आहे?"

"नाही. त्यांनी शपथ घातलीय."

"कुणाच्या गळ्याची?"

"त्यांच्याच."

"मग मोडलीस ते उत्तम केलंस. गळा शाबूत राहिला तर शपथ! पुढचं डायलिसिस कधी आहे?"

डायलिसिसच्या खोलीत माणूस जागचा हलू शकत नाही, ही एक मोठीच सोय असते. चष्मेवाल्यांच्या हातात दोन सुया, हात उशीवर सरळ ठेवलेला, नळ्यांतून रक्त मशीनकडे जातंय आणि परत येतंय. दारात ताई दिसल्या आणि त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की वहिनीनं नजर थेट मशीनच्या दिव्यांकडे वळवली. ताईंनी स्टूल ओढलं आणि भावाच्या शेजारी बसल्या.

"खोटारडा," त्या म्हणाल्या.

"ताई, हळू बोल. लोक आहेत."

"असू देत. कधी काढतोयस?"

"नाही काढणार."

"का?"

पलीकडच्या खुर्चीवर एक निवृत्त ड्रायव्हर होते. त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज मोठा केला, म्हणजे यांना मोकळेपणानं बोलता यावं.

"ती आत आहे तोवर मला वाटतं, तुझं काही वाया गेलं नाही," चष्मेवाले शेवटी म्हणाले. "तू इतकं दिलंस आणि मला ते सांभाळता आलं नाही गं. निदान ठेवून तरी घेऊ दे."

ताईंनी त्यांच्या मोकळ्या हाताचं मनगट पकडलं. पी.टी.च्या बाईंचा हात तो, चांगलाच घट्ट होता.

"ऐक नीट. दिली तेव्हाच ती तुझी झाली, माझी राहिलीच नाही. माझा तू आहेस. मला तू हवायस, कळलं? पन्नाशी उलटली तरी एवढं कळत नाही तुला!"

चष्मेवाले रडायला लागले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एकात सुया, दुसरा बहिणीनं धरलेला. शेवटी वहिनीनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. ते तिच्याकडे पाहायला तयार नव्हते, पण तोंडही वळवलं नाही.

"कर काय करायचं ते," ते बायकोला म्हणाले.

ऑपरेशन झालं. ते जितकं वाटलं होतं त्याहून लांबलं, आणि नंतरचे काही दिवस वाईट गेले. पण महिन्या-दीड महिन्यात ताप गेला, सूज उतरली, साठ्यात कोंडलेलं लोह हळूहळू कामाला लागलं आणि रक्ताचा आकडा वर सरकला. डायलिसिस काही सुटलं नाही, ते सुटणारही नव्हतं. जेवण मात्र जायला लागलं. डॉक्टरांनी 'आता वर्षांच्या गोष्टी करू' म्हटलं, तेव्हा वहिनीनं त्यांच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. पण हे सगळं पुढचं.

ऑपरेशनच्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोघी बंद दारासमोर बसून होत्या. दार उघडलं आणि सर्जन बाहेर आला. "पेशंट ठीक आहे," तो म्हणाला. त्याच्या हातात स्टीलचा ट्रे होता. "नातेवाइकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. बघायचंय? सक्ती नाही."

वहिनी ताईंना अडवणार होती. पण ताई उठून पुढं गेल्यासुद्धा. ट्रेमध्ये राखाडी, टणक, आक्रसलेलं असं काहीतरी होतं, मुठीएवढंही नव्हतं. ताईंनी वाकून बराच वेळ पाहिलं.

"दमलीय गं बिचारी," त्या म्हणाल्या.

वहिनी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. ट्रेकडे पाहता पाहता तिला आठवत गेलं, या एवढ्याशा गोळ्याच्या जिवावर चष्मेवाल्यांनी काय काय केलं होतं. दुकानाची मागची खोली बांधली, मुलीला नोकरीच्या गावी पोहोचवलं, पंख्यावरून शेकडो वेळा भांडले.

"ताई," ती म्हणाली, "सगळे म्हणतात तुम्ही किडनी यांना दिलीत. तसं नाही. मला दिलीत तुम्ही. ती नऊ वर्षं माझी होती."

ताई वळून तिच्याकडे पाहायला लागल्या.

"अगं, मग हे आधी बोलायचं नाही का? मला वाटायचं, तुझा राग आहे माझ्यावर."

"होताच," वहिनी म्हणाली.

ताईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याचंच रडू झालं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सर्जन ट्रे हातात घेऊन तसाच उभा राहिला, आणि आपण आता आत जावं की थांबावं, हे त्याला काही केल्या कळेना.