सुट्टीच्या दिवशी भोंगा झाला नाही

मित्रांनो, मी गिरणीचा जुना भोंगा बोलतोय. हो, तोच, पहाटे तुमची साखरझोप मोडणारा! आज मात्र माझा आवाज खाली आहे, कारण गोष्ट लाजेची आहे.

बॉयलरच्या छपरावर मला बसवलं, तेव्हा मी कोरा करकरीत पितळेचा होतो. पोटात वाफ भरून मी ओरडलो की घरोघर चुली पेटत, गिरणीत पाळी बदले, पोरं शाळेला पळत. "घड्याळ कशाला? आपला भोंगा हाय की!" असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

गिरणी कामगारांची धान्याची सोसायटी होती. बहात्तरचा दुष्काळ सरला, तरी तिथल्या जोंधळ्यातले खडे काही सरले नाहीत. शिव्या सगळेच देत, पण पुढं कोण होणार? शेवटी सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातली तानाबाई सोसायटीच्या चेअरमनपदाच्या निवडणुकीला उभी राहिली. "मत तुलाच!" अख्खी चाळ म्हणाली. शेजारच्या म्हाताऱ्या ईरम्मानं तर तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

मतदान ठेवलं सुट्टीच्या दिवशी, सकाळी. सुट्टीला माझं तोंड बंद असतं आणि तिथंच घात झाला! "भोंगा झाला की जाऊ की," म्हणत कुणी लोळत पडलं, कुणी पत्ते कुटत बसलं. तानाबाई सोसायटीच्या दारात ताटकळत राहिली. जुन्या चेअरमनची माणसं तेवढी मतं टाकून गेली. दुपारी पेटी बंद झाली आणि तानाबाई पडली.

मग ईरम्मा आली, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून. "भोंगाच झाला न्हाय की गं! मी पहाटेपासनं तयार बसले व्हते."

तानाबाई तिला हात धरून घरी घेऊन गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाक आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही सवय त्यांना मीच लावली. आणि माझी हाक तर फक्त मालकाच्या कामापुरती! दुसऱ्या पहाटे मी वाजलो, तशी सगळी धावत आली. डब्यात भाकरी तीच, कचकचणारी.

मित्रांनो, त्या चेअरमनची मुदत आता संपली, येत्या सुट्टीला पुन्हा मतदान आहे. तानाबाई पुन्हा उभी आहे. मला हात असते तर जोडले असते. त्या दिवशी भोंगा होणार नाही. घरातल्या मोठ्यांना तुम्हीच हलवून उठवा.