गळक्या झडपेचा सूर

मित्रांनो, मी एक जुना सॅक्सोफोन आहे. आज माझ्या अंगात एकही बिघाड नाही, आणि तेच माझे दुःख आहे.

पितळेचा पत्रा वाकवून मला घडवले. माझ्या अंगावर भोके आहेत आणि प्रत्येक भोकावर एक झडप. झडपेखाली चामड्याची गादी असते. ती घट्ट बसली की हवा कोंडते आणि सूर खणखणीत निघतो. माझी सर्वांत खालची गादी कडेला झिजली होती. जोराने फुंकले की तिथून हवा निसटे आणि खालचा सूर वरच्या सप्तकात उडी मारी.

फिलाडेल्फियाच्या लेमुएल टिब्सने मला घेतले, तेव्हा हा दोष होताच. त्याने गादी बदलली नाही, स्वतःचा श्वास बदलला. आधी नुसता उसासा, मग त्यातून हळूच उमलणारा सूर. शेजारीण भिंतीवर थाप मारून ओरडे, "लेम, रडतोयस की वाजवतोयस?"

"दोन्ही, मावशी! तिकीट काढलंय का तुम्ही?"

त्याचा मित्र क्लिफ्टन यान्सी न्यूयॉर्कला आपली पहिली तबकडी ध्वनिमुद्रित करणार होता, आणि नेमका त्याचा सॅक्सोफोन जिन्यावरून पडून चेपला. तो धावत आला. "लेम्या, एका दिवसापुरता दे गड्या. पोरासारखा सांभाळीन."

लेमुएलने मला दिलेच, शिवाय समोर बसून त्याला तो उसासाही शिकवला.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने विचारले, "ते फुसफुसणं काढू का?"

"हात लावू नकोस," क्लिफ्टन म्हणाला. "तोच तर माझा आवाज आहे."

आणि त्याने मला पुन्हा ओठांना लावले.

मी ठरल्या दिवशी घरी परतलो. तबकडी मात्र देशभर गेली. पोरे क्लिफ्टनसारखी उसासू लागली; काहींनी चांगल्या गाद्या चाकूने कातरल्या. तबकडीच्या वेष्टनावर लेमुएलचे नाव कुठेच नव्हते. "राहिलं असेल घाईत," तो म्हणाला.

वर्षभराने एका क्लबात वादकाची जागा निघाली. लेमुएल मला घेऊन गेला आणि जेमतेम दोन ओळी वाजवल्या. मालक खो खो हसला. "बास, बास! आणखी एक क्लिफ्टन! अरे बाबा, नक्कल करायची तर निदान धड तरी कर!"

क्लिफ्टन तिथेच बसला होता. लेमुएलने त्याच्याकडे पाहिले. एका वाक्याचे काम होते.

क्लिफ्टनने पेल्यातला बर्फ हलवला. "जाऊ द्या हो," तो हसून म्हणाला, "शिकतोय बिचारा."

दुसऱ्या दिवशी लेमुएलने मला दुरुस्तीवाल्यापुढे ठेवले. "सगळ्या गाद्या नव्या घाल. हवा कुठूनही निसटता कामा नये."

घरी त्याने सवयीने माझ्यात उसासा सोडला. स्वच्छ, टणक सूर निघाला, कोणाचाही असू शकेल असा. त्याने पुन्हा फुंकले, पुन्हा तेच. मग त्याने मला पेटीत ठेवले. त्यानंतर तो लोकांपुढे कधीच वाजवायला उभा राहिला नाही. मरेपर्यंत त्याला त्या तबकडीविषयी कोणी काही विचारलेही नाही.

मित्रांनो, वाद्ये पुसा, तेलपाणी करा, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी एवढेच मागतो: एखादा सूर आवडला, तर तो कोणाच्या श्वासातून आला हे तो माणूस असेतोवर विचारा. नंतर उत्तर द्यायला फक्त पितळ उरते, आणि तेही चारचौघांसारखेच वाजते.