वाटीवरची चकाकी

नलूच्या भट्टीतून या खेपेला सहाच्या सहा वाट्या उतरल्या चेहऱ्याने बाहेर आल्या. चमक नाही, बोट फिरवावं तर खरखर लागे. माती तीच, ग्लेझची, म्हणजे चकाकी देणाऱ्या लेपाची, पावडर तीच, ग्रॅम ग्रॅम तोलून घेतलेली. रिसालीतल्या घराच्या मागच्या पडवीतली विजेची भट्टीही तीच, हजार अंशांवर जायचं म्हटलं की कुरकुरणारी. मग दोन महिन्यांपूर्वी नमुन्याची एकच वाटी केली होती, ती काचेसारखी कशी निघाली?

त्या वाटीचं काय कौतुक झालं होतं! नवऱ्याने, भूषणने, फोटो काढून स्टील प्लांटातल्या मित्रांना दाखवले होते. आपला हात बसला म्हणून नलूही चार दिवस हवेत होती. वाटी मात्र तीन वर्षांच्या मोनाने बळकावली. रोजचा दहीभात त्यातच, कढी त्यातच. दुसऱ्या भांड्यात वाढलं की बाईसाहेब तोंड फिरवायच्या.

"सारं तेच घेतलं, तरी असं कावून झालं?" नलू स्वतःशीच पुटपुटली.

खाटेवर बसलेले सासरे, जानराव, हसले. "सारं तेच कुठं? त्या खेपेले मी सामान टाकलो होतो ना."

"कोनतं सामान, मामाजी?"

जानरावांनी खाटेखालून एक जुना डबा ओढला. जन्मभर त्यांनी लोखंडी सांगाड्यांना रंग दिला होता. डब्यात नारिंगी लाल भुकटी होती.

"रेड लेड. लोखंडाले याचा पयला हात मारत होतो आमी. चमक येईना तं तू दोन दिवस तोंड पाडून बसली होती, म्हनून तुह्या ग्लेझच्या मगात चमचाभर ढवळून देल्लो. पाह्य, कशी चमकली."

नलूने डब्याचं झाकण घट्ट दाबून लावलं. शिसं! हे काम शिकायला गेली तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खायच्या भांड्याला शिसं लावायचं नाही. आंबट पदार्थ ते ओढून घेतो आणि लहान मुलांच्या मेंदूत ते घर करतं. आणि इथे दोन महिने रोज दही.

"मामाजी, हे विष आहे."

"विष कसं? हाच तं शेंदूर. मारुतीले लावतो आपन. देवाले चालते, मंग पोरीले कावून नाही चालनार?"

नलूने वाटी वर्तमानपत्रात गुंडाळली, मोनाला कडेवर घेतलं आणि डॉक्टरकडे गेली. रक्त काढताना पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला. रिपोर्ट चार दिवसांनी येणार होता.

ते चार दिवस नलूला खायला उठले. मोना उंबऱ्याला अडखळली, की नलूचा जीव वरखाली व्हायचा. गाण्यातली एक ओळ पोर विसरली, तर तेच गाणं नलूने तिच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं. सासऱ्यांचा संताप येई. त्याहून जास्त स्वतःचा येई. त्या दिवशी मगातलं ग्लेझ जरा नारिंगी दिसलं होतं, हे तिला आता लख्ख आठवत होतं. गेरू सांडला असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं. वाटी चमकल्यावर तर विचारलंच नाही. चमक आपल्या हाताची आहे, असं मानायला बरं वाटत होतं.

जानरावांना भूषणने सारं समजावून सांगितलं. मोनाला रोज घास भरवणारे तेच. आता जेवायची वेळ झाली की ते उठून फाटकाशी जाऊन उभे राहत.

रिपोर्ट आला. रक्तात शिसं होतं. फार नाही, पण असायलाच नको, असं डॉक्टर म्हणाले. सध्या औषध नको, वाटी बंद, महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं. नलूची भीती गेली नाही, फक्त महिनाभर पुढे ढकलली गेली.

संध्याकाळी मोना स्टीलचं ताट घेऊन फाटकाशी गेली आणि गल्लीतल्या पोरांकडून उचललेल्या हिंदीत म्हणाली, "आबाजी, खिलाओ ना."

जानरावांनी हात मागे घेतले. "माह्या हातानं नको, बाई."

नलूचा राग अजून पुरता निवला नव्हता. तिने त्यांना मनगटाला धरून नळाशी नेलं आणि लहान पोराचे धुवावेत तसे त्यांचे हात साबणाने घासले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या आतून. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी ती घासतच राहिली. म्हाताऱ्याने घासू दिलं.

"भरवा, मामाजी. मी इथंच बसते."

त्यांनी वरणभाताचा घास उचलला, पण हात मोनाच्या तोंडाशी जाईना. त्यांनी नलूकडे पाहिलं. तिने मान डोलावली, तेव्हा घास पुढे गेला. पुढच्या घासालाही त्यांनी तसंच पाहिलं, आणि त्याच्या पुढच्याही.