वशिंड्या दिसतो का?

ज्या ढगात माझ्या भावाचं विमान शिरलं, तो ढग मी पाळला आहे. हँगरच्या मागच्या कोपऱ्यात तो राहतो. सुरुवातीला फार बुजायचा, पत्र्याला चिकटून बसायचा. मग मी तिथे स्टोव्हवर आलं घातलेला चहा उकळायला लागले, तेव्हा वाफेच्या वासाने पुढे आला. साध्या चहाकडे तो ढुंकून बघत नाही. आता चांगलं अंग धरलंय त्याने आणि हाक मारली की येतो.

उदयन त्या ढगात शिरला आणि बाहेर आला नाही. शोधपथकाने सगळी दरी पालथी घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ढग त्यांच्या डोक्यावर उभा होता, पण एकानेही मान वर केली नाही. शेवटी चौकशी समितीने वैमानिकाची चूक ठरवली आणि जेवून निघून गेली. तेव्हापासून आई उदयनचं नाव घेताना आवाज खाली आणते, चोरी करून पळालेल्या मुलाचं नाव घ्यावं तसा.

चूक गुंजाळांची होती.

मोरदरीची धावपट्टी वशिंड्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. शेजारच्या खिंडीतून आत शिरायचं, तर डोंगर मोकळा हवा. तिथे हवामान सांगणारी यंत्रं नाहीत, म्हणून येणारा वैमानिक रेडिओवर एवढंच विचारतो, "वशिंड्या दिसतो का?" मोरदरीच्या साहेबाने, म्हणजे गुंजाळांनी, खुर्चीतून उठायचं, व्हरांड्यात जायचं, बघायचं आणि सांगायचं. खोलीतून डोंगर दिसत नाही. खोलीत दिसतो तो खुर्चीसमोरच्या भिंतीवरचा, चौकटीतला. कुणीतरी हौसेने काढून दिलेला फोटो आहे. त्यात बारा महिने ऊन असतं.

त्या दिवशी मी आमच्या धावपट्टीवर रेडिओच्या सेटला कान लावून बसले होते. उदयनने विचारलं. पलीकडे कुणीतरी चहाचा घोट घेतला. मग गुंजाळ म्हणाले, "दिसतो. साफ दिसतो."

एका घोटात कुणी व्हरांड्यात जाऊन परत येत नाही. हे मी चौकशीत सांगितलं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, ताई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. मला दुःख नव्हतं. मला राग होता, आणि तो मी ढगाशेजारीच ठेवून वाढवला. मला गुंजाळांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, की मी उठलो नाही. ते मिळालं असतं तरी मी त्यांना सोडणार नव्हते, हेही सांगून टाकते.

"मोरदरीला तुमचा सत्कार आहे," मी त्यांना फोनवर म्हणाले. सत्काराला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सकाळी गुंजाळ हजर, कडक इस्त्रीचा सफारी घालून, केसांना तेल लावून. त्यांनी मला ओळखलं. पण शाल आणि नारळ त्यांच्या डोळ्यांसमोर इतके जवळ होते की त्यांच्यामागे मी कशी दिसणार?

ढगाला मी माझ्या विमानाच्या मागच्या सीटवर बसवलं आणि पट्टा बांधला.

"हे कोण?" गुंजाळांनी विचारलं.

"हवामान."

"बरोबर न्यायचं?"

"मोरदरी त्याच्या ओळखीची आहे."

"असू दे," ते म्हणाले. "परत येताना शाल ओली करायला नको म्हणजे झालं."

आम्ही उडालो. आकाश घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं. गुंजाळ मांडीवर हात ठेवून भाषण पुटपुटत होते. व्यासपीठावरील मान्यवर, असं म्हणून दर वेळी पहिल्यापासून सुरू करत.

"खाली तापी दिसते का?" मी विचारलं.

"दिसते ना," ते मान न हलवता म्हणाले.

तापी एका टोकाकडून सतरंजीसारखी गुंडाळत गेली. तिच्या जागी पांढरं उरलं. मागे पट्टा करकरला. ढग फुगला होता.

"हवा बदलतेय," मी म्हणाले.

"या दिवसांत चालायचंच."

पुढे गिरणा लागली. मी विचारलं, ती दिसते का. ते म्हणाले, हो तर. गिरणा गेली, तिच्यावरचा पूल गेला, पुलावर उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर काही वेळ नुसताच उभा होता, मग तोही गेला. मी रस्ता विचारला, शेततळी विचारली, पवनचक्क्या विचारल्या. गुंजाळांना सगळं दिसत होतं. एकदाही त्यांनी खाली पाहिलं नाही आणि पांढरं वर वर येत राहिलं.

"तुमच्या बाजूचा पंख दिसतो का?"

"आता पंख कुठे जाणार आहे?"

पंख गेला. विमान थोडं कललं, पण पडलं नाही, कारण माझ्या बाजूचा पंख मी पाहिलेला होता. छप्पर मात्र खाली आलं आणि माझ्या केसांना टेकलं. दारं जवळ सरकली. गुंजाळांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मानेवर ढगाचा ओला श्वास येत होता. त्याला आल्याचा वास होता.

"गुंजाळसाहेब, त्या दिवशी तुम्ही उठला होतात का?"

"चौकशीत सगळं आलंय, मॅडम."

"मी चौकशी करत नाहीये. विचारतेय."

त्यांचे हात मांडीवरून गुडघ्यांवर गेले. काचेला पांढरं घासत होतं.

"अहो, रोज दिसणारा डोंगर," ते म्हणाले. "तो जाऊन जाऊन जाणार कुठे? आणि दर वेळी उठायचं म्हणजे... गुडघे दुखायचे माझे."

एवढंच होतं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल, निदान झोप लागली असेल. माझा भाऊ एका माणसाच्या गुडघ्यांपायी गेला, आणि तो माणूस माझ्या शेजारी गुडघे चोळत बसला होता. त्याच क्षणी त्यांना दार उघडून ढकलून द्यावं असं मला वाटलं. पण मी इतकी वर्षं चहा उकळला होता तो काही एवढ्यासाठी नाही.

"आता तुम्ही चालवा," मी म्हणाले.

"मला कुठे येतं?"

"इतकी वर्षं बघितलंत की. एवढं हातात धरायचं आणि सरळ जायचं. पुढचं मी सांगते."

मी त्यांचे हात दांड्यावर ठेवले. ते थंड होते आणि शहाण्या मुलासारखे जिथे ठेवले तिथे राहिले. मग मी माझ्या बाजूचं दार उघडलं. बाहेर ढग इतका दाट झाला होता की त्यावर पाऊल ठरलं. दोन्ही पाय टेकले तेव्हा खाली शहाबादी फरशी लागली. मी मोरदरीच्या व्हरांड्यात होते. विमानाचा आवाज माझ्यापासून दूर जात होता.

मी आत गेले. टेबल होतं, सेट होता, कपात चहा होता. मी खुर्चीत बसले. खुर्ची अजून गरम होती. समोरच्या भिंतीवर, चौकटीत, वशिंड्या उन्हात बसला होता.

सेट खरखरला.

"मोरदरी, मोरदरी," गुंजाळांचा आवाज आला. तो आता बारीक झाला होता. "मॅडम, सगळं पांढरं आहे. मला काही दिसत नाहीये. वशिंड्या दिसतो का?"

व्हरांडा माझ्या पाठीमागे होता. दार उघडं होतं. मी कप उचलून एक घोट घेतला, मग बटण दाबलं.

"दिसतो," मी म्हणाले. "साफ दिसतो."

हे शब्द मी इतके दिवस गालात धरून ठेवले होते. बोलल्यावर तोंड हलकं झालं. मला फार बरं वाटलं, उगाच खोटं कशाला सांगू.

"आभारी आहे, मॅडम," गुंजाळ म्हणाले.

त्यांनी बटण सोडलं नाही. पहिल्यांदा विमान चालवणाऱ्याचं असंच होतं, दांडा आवळताना अंगठा बटणावर तसाच दाबलेला राहतो, आणि तोवर दुसऱ्याला बोलता येत नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, इंजिन ऐकू येत होतं. मग मागच्या सीटवरचा पट्टा करकरला आणि त्याची कडी निघाली. बरेच दिवस न बोललेलं कुणीतरी घसा साफ करत होतं.

"ताई," उदयन म्हणाला, "उठून बघितलंस ना?"

मी बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. मग खुर्चीचे हात धरून उठायला गेले. गुडघ्यांनी ऐकलं नाही. समोर, चौकटीतल्या उन्हात, एका पंखाचं एक लहानसं विमान डोंगराच्या दिशेने येत होतं.