‘शुभ’मधली फट

चिंचपोकळीच्या त्या चाळीच्या दारात एक काळा फळा होता, आणि संप लागल्यापासून त्यावर मयताशिवाय दुसरी बातमी क्वचितच आली. ती लिहायचे नाना. नाना, म्हणजे खालच्या मजल्यावरचे रामचंद्र, गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली आणि हातात उरला तो खडू. संपाआधी ते सगळंच लिहीत. गणपतीच्या पाट्या, सत्यनारायणाची आमंत्रणं, लग्नाचे बोर्ड. पुढे मरण चाळीच्या पाचवीलाच पुजलं. कुणी दारूने गेलं, कुणी आजाराने, कुणी स्वतःच्या हाताने. नाना खडू भिजवून नाव लिहीत आणि दहावं झालं की ओल्या फडक्याने फळा पुसत, असा रिवाज पडला.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका लग्नाला त्यांनी बोर्ड रंगवला, तर त्या लोकांनी तो गुपचूप उतरवला आणि दादरहून पेंटर आणला. त्यानंतर शुभकार्याला नानांना कुणी विचारलं नाही. लोकही धन्य. ज्या हाताकडून घरच्या माणसाचं नाव लिहून घेतलं, त्याच हाताचा अपशकुन मानून मोकळे.

त्यांची मुलगी बकुळा स्टेशनाजवळ रामदासच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. लग्न उशिरा ठरलं, पण ठरलं, आणि तिने मनाशी पक्कं केलं की पत्रिका नानांच्याच अक्षरात छापायची. त्यांच्या अक्षराचा फॉन्ट करायचा आणि चाळीने त्यांच्या हाताला चिकटवलेला अपशकुन घरोघरी पत्रिका वाटून खोटा पाडायचा. ती जिद्दी होती. आईवर गेली, असं सगळे म्हणायचे.

तिने नानांपुढे कोरे कागद आणि ब्रश ठेवला. “काहीही लिहा, नाना. जे हाताला येईल ते.”

हाताला जे यायचं तेच आलं. दुःखद निधन. अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल. एका कागदावर त्यांनी ‘कै. सुभद्रा’ लिहिलं आणि बराच वेळ ब्रश पाण्यात बुडवून बसले. सुभद्रा म्हणजे बकुळाची आई. तिचाही फळा त्यांनीच लिहिला होता. बकुळाने तो कागद गठ्ठ्यात सरकवला. दुसरे शब्द पुढच्या आठवड्यात लिहून घेऊ असं म्हणाली, आणि त्या आठवड्यात नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

आता होतं तेवढ्यात भागवायचं होतं. तिने एकेक अक्षर सुटं करून कॉम्प्युटरवर काढलं, नसलेली अक्षरं असलेल्यांचे तुकडे जोडून बनवली. अक्षरं नानांचीच दिसत होती. घोळ झाला तो शेजाराचा. प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं, आणि दोन तुकडे कुठे भिडायचे हे जोडीजोडीने ठरवावं लागतं. ‘निधन’ टाईप केलं की ओळीत नीट बसायचं. ते नानांनी जसं लिहिलं होतं तसंच मोजून घेतलेलं. ‘शुभ विवाह’ टाईप केलं की ‘वि’ची वेलांटी ‘वा’वर चढायची आणि ‘शु’ नि ‘भ’ यांच्यात दात पडल्यासारखी फट दिसायची. ‘भ’ची शिरोरेघ मुळात डावीकडे तुटकी, त्यामुळे फट आणखीच भगभगीत.

तिने ‘श’ आणि ‘भ’ जवळ ओढले. पडद्यावर ती जोडी भिडली, पण ‘शुभ’ छापलं तर फट जागच्या जागी. पुन्हा ओढले, तर ‘दशभुजा’मधली दोन अक्षरं एकमेकांत घुसली आणि ‘शुभ’ होतं तसंच. करायला गेली गणपती नि झाला मारुती. शेवटी एका रविवारी दुपारी तिच्या ध्यानात आलं, की ‘शुभ’मध्ये ‘श’ आणि ‘भ’ शेजारी नाहीतच. मध्ये उकार आहे. कॉम्प्युटरच्या लेखी जोडी उकार आणि ‘भ’ यांची, आणि ती तिने ठरवलीच नव्हती.

किती अंतर ठेवायचं? नानांच्या हातचं उकार आणि ‘भ’ शेजारी असलेलं एकच ठिकाण तिच्यापाशी होतं. तिने आईच्या नावाचा कागद काढला, फूटपट्टी लावली आणि तेवढंच अंतर ‘शुभ’ला दिलं. फट बुजली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण कागद गठ्ठ्यात परत ठेवताना तिला रडू आलं.

नानांना तिने छापलेला नमुना दाखवला. त्यांची जीभ अजून जड होती.

“माझा अक्षर लग्नाक नको गो,” ते म्हणाले. “तुझ्या सासरच्यांका बरा वाटाचा नाय.”

“नाना, ते अंतर चुकलं होतं म्हणून तसं दिसायचं. आता बघा ना नीट.”

त्यांनी बघितलं नाही. तिने नमुना खुंटीवरच्या कॅलेंडरला अडकवला आणि चहा टाकायला वळली.

तेवढ्यात शेजारच्या गंगुबाई नानांची विचारपूस करायला आल्या. त्यांचा मुलगा धर्मा संपाच्या दुसऱ्या वर्षी गेला होता. गंगुबाईंना अक्षरओळख नव्हती. दारातच त्यांची नजर कॅलेंडरकडे गेली आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

“कोण गेला गो?”

“कोणी नाही गेलं, काकी,” बकुळा म्हणाली. “माझ्या लग्नाची पत्रिका आहे ती.”

गंगुबाई शरमल्या. नानांनी डोळे मिटून घेतले. चहा उतू गेला. मग गंगुबाई कागदाजवळ गेल्या आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवू लागल्या.

“ह्या यंत्रात खयचाय नाव येता?”

“येतं, काकी.”

“माझ्या धर्माचा काढून देशीत? फळो पुसलो तेवा माका कोणी इचारूक नाय. माका वाचूक येना नाय, पण ता कसा दिसत होता ता माका म्हायत आसा.”

नानांचा डावा हात चादरीवर हलला. बकुळाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात तिने ‘कै. धर्मा’ टाईप केलं. त्यात एकही जोडी हलवावी लागली नाही. संध्याकाळी चाळीत कागद हातात घेऊन गंगुबाईंनी तो अचूक सरळ धरला, आणि खाली बसल्या.

पत्रिका मात्र बकुळाने रामदासकडच्या तयार फॉन्टात छापली. नानांनी ती डाव्या हातात धरून दोनदा वाचली. “झ्याक इली,” ते म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी हसले. ते मनापासून सुटकेने हसले, आणि बकुळाला तेच सोसेना.