कोयरीची चिंधी

या मंडळी, पुढे सरका. टाळ मांडीवर ठेवा, झांजेलाही दमू द्या. आपल्या टॅम्पिनीस वस्तीतल्याच एका माणसाची गोष्ट ऐकवतो. प्रसाद गार व्हायच्या आत संपेल.

पद्माकर जहाजावर सेकंड इंजिनिअर. २००६ साली त्याचं जहाज दुरुस्तीला इथल्याच यार्डात लागलं होतं, म्हणून रोज घरचं जेवण. बायको अरुणा खूश. चीफ इंजिनिअर मारेक पोलंडचा. हाडापेरानं रेडा, मनानं लोणी. कामाच्या वहीत तो पोलिशमध्ये टिपणं लिही आणि पद्माकरला हौसेनं शिकवी.

"हे बघ सेकंड, 'झ्रोब्योनो'. म्हणजे केलं गेलं. केलं माणसानंच, पण कोणी ते विचारायचं नाही."

"आमच्याकडे म्हणतात, करता करविता देव."

"मग तू अर्धा पोलिशच की रे!"

आणि एके सकाळी घात झाला. चाचणीला सुरू केलेलं इंजिन वीस मिनिटांत तापून बंद पडलं. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या गाळणीत चिंधी सापडली. आदल्या दिवशी गाळणी उघडली होती रोडेलनं, फिलिपिन्सच्या म्हाताऱ्या फिटरनं. आतून पुसली पद्माकरनं, आणि "लाव झाकण" म्हणालाही तोच. चिंधी बघताच त्यानं ती ओळखली. अरुणाच्या जुन्या साडीचा तुकडा तो, कोयरीच्या नक्षीचा! चांगलं पुसतं म्हणून घरून नेलेला. आणि पुढच्याच महिन्यात त्याला चीफच्या जागेची बढती मिळायची होती.

मारेकनं चिंधी पिळली, खिशात घातली आणि वहीत लिहिलं, 'झापोम्न्यानो'. विसरलं गेलं. पद्माकरचा जीव भांड्यात पडला.

पण ऑफिसला असलं पोलिश कुठलं चालायला? दुपारी फोन आला: झाकण फिटरनं लावलं ना? मग उद्या दोनच्या विमानानं त्याला घरी पाठवा, पुढचं काम नाही.

"मीच विसरलो असेन, सर," रोडेल म्हणाला. "वय झालं." आणि बॅग भरायला लागला.

त्या संध्याकाळी पद्माकरच्याच फ्लॅटवर चारुदत्तबुवांचं कीर्तन होतं. चहा देताना पद्माकरच्या हातून एक कप पडला. मग टाळ हातात घेतले, तर पठ्ठ्याचा ताल तीनदा चुकला. बुवा मध्येच थांबले, नाक वर करून म्हणाले, "शिरा कोणी केलाय हो?"

"झालाय आपला कसाबसा!" आतून अरुणा.

"ऐका! आमच्या माउल्या शिरा करत नाहीत, तो होतो. कर्तेपण असं सोडावं. आणि मघाशी तो कप कोणी फोडला?"

"फुटला, बुवा," पद्माकर पुटपुटला.

"आमच्याकडे कप नेहमी आपोआपच फुटतात!" अरुणा म्हणाली, आणि अख्खी खोली हसली.

बुवाही हसले. "पद्माकरराव, शिऱ्यावरचं नाव पुसलं तर शोभतं. फुटक्या कपावरचं पुसलं, की दुसऱ्या कोणाच्या तरी कपाळी जाऊन बसतं."

सगळे हसत होते. पद्माकरला तेवढं हसवेना.

सकाळी तो धावतच यार्डात पोचला. "चीफ, चिंधी माझी. लिहा, पद्माकर विसरला. बढती गेली तर जाऊ दे."

मारेकनं खिशातून चिंधी काढली. स्वच्छ धुऊन घडी घातलेली! "हे फुलाफुलांचं कापड अख्ख्या जहाजात दुसऱ्या कोणाकडे आहे रे? पण नाव तुझ्या तोंडून यायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर ती चुगली."

"आणि मी आलोच नसतो तर? रोडेल गेला असता ना!"

"बारापर्यंत वाट बघितली असती. मग लिहिलं असतं, मारेक विसरला."

पद्माकरनं वही उचलून त्याच्यापुढे धरली.

रोडेल राहिला. "सर, भरलेली बॅग आता तुम्हीच रिकामी करा!" म्हणाला, आणि सेकंडसाहेबांनी खरोखरच त्याच्या शर्टांच्या घड्या कपाटात लावल्या. बढती मात्र वर्षभर लांबली. मग मारेकनं ऑफिसला शिफारस पाठवली आणि खाली एकच ओळ आपल्या भाषेत लिहिली. पद्माकरनं ती अरुणाला वाचून दाखवली: "ह्याच्यावर विश्वास टाकता येतो."

"कोणाला?" अरुणानं विचारलं.

"त्यांच्या भाषेत तिथं नाव नसतं. म्हणजे कोणालाही."

"मग ह्या हातांत नवे कप द्यायला हरकत नाही," ती म्हणाली.

तर मंडळी, तुमच्या घरी पुढचा कप फुटेल तेव्हा हात जोडून एवढं करा: त्या मारेकची आठवण काढा, आणि 'मी फोडला' म्हणा.